आभाळातला ओलावा

कापडगिरणीच्या साचेखात्यात भिंतीवर दोन थर्मामीटर टांगलेले असत. एक कोरडा, दुसऱ्याच्या गोळ्याला ओले फडके. दोहोंतील अंतरावरून हवेतला दमटपणा कळे. ही युक्ती आम्हां कामगारांच्या परिचयाची. परंतु दहा-बारा किलोमीटर उंचीवर ती फसते. तेथे फडकेच गोठते. सोस्यूरने १७८३ साली मांडलेले केसाचे आर्द्रतामापकही त्या थंडीत सुस्त होते.

दुसऱ्या महायुद्धात विमानांमागे उमटणारे पांढरे पट्टे शत्रूला विमानाचा माग देत. ते केव्हा उमटतात हे जाणण्यासाठी उंचावरचा ओलावा मोजणे इंग्लंडला भाग पडले. ब्रुअर व डॉब्सन यांनी उपाय योजला : धातूचा पृष्ठभाग थंड करीत न्यायचा आणि त्यावर हिम धरते ते तापमान टिपायचे. १९४३ साली विमानातून मोजले, तेव्हा स्थितांबरात हे तापमान उणे ८० अंशांच्या आसपास निघाले. इंग्लंडवरची हवा स्वतः एवढी थंड नव्हती. मग तिच्यातले पाणी गेले कोठे? ब्रुअरने १९४९ साली उत्तर दिले : ही हवा विषुववृत्ताकडील अतिथंड थरातून वर चढते, तेथेच पाणी बर्फरूपाने टाकते आणि मग ध्रुवांकडे सरकते.

पुढे फुग्यांनी आणखी वर मोजले, तर काहींना हवा बरीच ओली आढळली. वाद वर्षानुवर्षे चालला. दोष होता फुग्यात! खालच्या दमट हवेतून व ढगांतून जाताना त्याला लागलेले पाणी वर हळूहळू सुटे. जेथे हवेच्या दहा लाख रेणूंत पाण्याचे जेमतेम चार-पाच, तेथे पाहुण्याचा घामच मोजला जात होता. वॉशिंग्टनच्या मॅस्टनब्रुक यांनी १९६४ पासून फुगा उतरताना, म्हणजे यंत्र पुढे व फुगा मागे असताना, घेतलेल्या मापांवर भर दिला; कोरडेपणाच खरा ठरला.

एवढ्याशा पाण्याची उठाठेव कशासाठी? वाफ पृथ्वीची उष्णता अडविते. वर ती थोडी घटली-वाढली तरी खालच्या तापमानावर परिणाम होतो. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या सागरी ज्वालामुखीने सुमारे १५ कोटी टन वाफ स्थितांबरात फेकली. आधीच्या साठ्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. आधीचे माप विश्वासाचे नसते, तर हा हिस्सा कशाच्या आधारे काढला असता?

महागाईचा निर्देशांक चुकला की भत्ता चुकतो, हे आम्ही जाणतो. म्हणून कोणताही आकडा ऐकला, की तो कोणी मोजला, कशाने मोजला, चढताना की उतरताना, एवढे विचारूनच आम्ही तो मानतो.