देणारा कोण, घेणारा कोण : समलिंगी विवाह आणि मराठी लग्नविधी

मालेगावच्या परिसरात एखाद्या घरच्या मुलीची चौकशी केली, तर ‘तिला सटाण्याला दिली’ किंवा ‘धाकटीला धुळ्याला दिली’ असे उत्तर मिळते. लग्न झाले हे वेगळे सांगावे लागत नाही; ‘दिली’ या क्रियापदातच ते आलेले असते. समोरच्या घरचे लोक हीच गोष्ट ‘आम्ही त्यांची मुलगी केली’ अशी सांगतात. मुलाला मात्र कोणी कोणाला देत नाही. तो लग्न ‘करतो’. घरजावई हा अपवाद म्हणावा, तर त्यालाही ‘ठेवून घेतला’ असे म्हणतात आणि त्या बोलण्यात थोडा उपहास असतो. मांडवात दोन्ही वर असतील, किंवा दोन्ही वधू असतील, तर ही क्रियापदे कोणाला लावायची? समलिंगी जोडप्यांनी पारंपरिक विवाहविधी कसे आपलेसे केले, या प्रश्नाचा उलगडा मला या व्याकरणापासून सुरू होताना दिसतो.

आपल्या लग्नातील विधी नीट पाहिले तर त्यांचे सरळ दोन गट पडतात. हळद दोघांनाही लागते, मुंडावळ्या दोघांच्याही कपाळी असतात, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभे राहणाऱ्यांवर अक्षता सारख्याच पडतात, माळा परस्परांना घातल्या जातात. हे विधी स्त्री कोण आणि पुरुष कोण हे विचारत नाहीत. याउलट कन्यादान, मंगळसूत्र, जोडवी, सूनमुख, माप ओलांडून गृहप्रवेश या विधींना दिशा आहे. एक घर देते, दुसरे घेते. एकीचे घर सुटते, दुसऱ्याचे सुटत नाही. समलिंगी विवाहात पहिल्या गटाला हात लावावा लागत नाही. सगळा विचार करावा लागतो तो दुसऱ्या गटाचा.

त्यावर सर्वांत सोपा तोडगा म्हणजे विधी दुहेरी करणे. दोघींनी एकमेकींना मंगळसूत्र घालायचे, दोन्ही घरांतून वराती निघून वाटेत भेटायच्या. परदेशांतील भारतीय समलिंगी विवाहांत असे प्रकार झालेले आहेत. कानपिळीचा प्रश्न तर आणखी सोपा, दोन्हीकडच्या भावांना समोर एकेक कान मिळतो! स्त्रीवादी टीकाकारांचा यावर आक्षेप असतो की जी चिन्हे स्त्रीच्या ताबेदारीची म्हणून आपण टाकायला निघालो, तीच ही मंडळी हौसेने का उचलतात? आक्षेप खोटा नाही. पण मंगळसूत्र दोन्ही गळ्यांत पडले की कोण कोणाच्या मालकीचे हे सांगण्याचे त्याचे काम संपते, आणि उरते ती खूण. कन्यादानाचे मात्र तसे होत नाही. दोन्ही घरांनी आपापले अपत्य दिले आणि दुसऱ्याचे घेतले, तर तो विनिमय झाला. दान कुठे राहिले? दुहेरी करताच मोडून पडणारा हा एकच विधी आहे, आणि माझ्या मते म्हणूनच तो गाळणे प्रामाणिकपणाचे.

सप्तपदीची गोष्ट निराळी. पाणिनीने ‘साप्तपदीन’ हा शब्द सख्य या अर्थी सिद्ध केला आहे : सात पावले बरोबर चालल्याने जुळते ती मैत्री. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात बटूच्या वेषातला शिव पार्वतीला हाच शब्द ऐकवतो, तेव्हा लग्न तर दूरच, तो तिच्या लेखी आगंतुक आहे. गृह्यसूत्रांतील विवाहविधीतही सातव्या पावलाला वधूला मैत्रीचेच आवाहन केले जाते. रूथ वनिता यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील समलिंगी विवाहांचा अभ्यास मांडला, त्यात सप्तपदीच्या या मैत्रीच्या अर्थावर भर आहे. संस्कृतच्या अभ्यासकांना यात नवे काही नाही. पण ज्या विधीला आपण पतिपत्नीत्वाचे शिखर मानतो, त्याच्या गाभ्याशी लिंगभेद नसलेला शब्द बसलेला आहे, हे वर्गात सांगताना आपण सहसा थांबत नाही.

‘हे सगळे परकीय आहे, परंपरेत असे फेरफार कधी झाले नाहीत,’ असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास आठवावा. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. भटजी नाही, खर्च जवळजवळ नाही. जोतीराव फुल्यांनी नवी मंगलाष्टके रचली आणि त्यांत वधूवरांना एकमेकांशी बोलायला लावले : वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते, वर ती मान्य करतो. पुरोहिताच्या तोंडचा मजकूर काढून तो लग्न करणाऱ्यांच्या तोंडी देणे, हा बदल पोशाखातल्या किंवा जेवणावळीतल्या बदलांहून फार मोठा होता. त्यासाठी लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांविरुद्ध जोशांनी आपल्या हक्काचा दावा लावला, तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर त्रिशरण, पंचशील आणि पुष्पहार एवढ्यावर लाखो मराठी लग्ने लागली. त्यांत कन्यादान नाही, सप्तपदीही नाही. आणि मालेगावसारख्या मुस्लिमबहुल शहरात राहणाऱ्याला तर संमती, साक्षीदार आणि मेहर यांवर उभा असलेला निकाहाचा करार शेजारच्या गल्लीत नेहमीच दिसत असतो. लग्न म्हणजे दानच, ही समजूत आपल्याच गावात पुरी पडत नाही.

विधी आणि कायदा यांचे नाते मात्र विचित्र आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ याचे सातवे कलम सांगते की विवाह कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे लागू शकतो, आणि त्यांत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. महाराष्ट्रातूनच गेलेल्या भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये याचा कठोर अर्थ लावला. पहिली पत्नी हयात असताना त्यांनी गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. आवश्यक विधी झालेच नाहीत, म्हणून ते लग्नच नव्हे, आणि लग्न नव्हे म्हणून द्विभार्येचा गुन्हाही नव्हे, असा निकाल झाला. आमच्या जातीत हे विधी गेली काही वर्षे सुटले आहेत, हा पुरावा न्यायालयाला पुरला नाही. पाच-सात वर्षांच्या चालीला रूढी म्हणत नाहीत. २०२४ मध्येही विधींशिवाय केलेली नोंदणी हा हिंदू विवाह नव्हे, असे त्याच न्यायालयाने सांगितले.

म्हणजे एका पुरुषाला विधी अपुरा पडला म्हणून सुटका मिळाली, आणि इकडे विधी साग्रसंगीत करणाऱ्या जोडप्यांच्या पदरी काहीच पडत नाही. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळच्या पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी गांधर्व पद्धतीने लग्न केले; त्यांची नोकरी गेली. आपल्याकडे त्याआधी सहा वर्षे, १९८१ मध्ये, तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले होते. त्यातील मित्रेच्या वाट्याला शेवटी मृत्यू येतो, मांडव येत नाही. मराठी नाटकाला त्या काळी असे लग्न कल्पनेतही दिसत नव्हते, ही नोंद घेण्यासारखी आहे.

दिसले ते यवतमाळला. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस अमेरिकेत स्थायिक झालेल्या तिथल्या एका तरुणाने आपल्या परदेशी जोडीदाराशी शहरातील एका हॉटेलात, मोजक्या निमंत्रितांसमोर लग्न केले. तेव्हा ३७७ वे कलम पूर्णपणे लागू होते. ते सौम्य झाले ६ सप्टेंबर २०१८ ला. मुंबई-पुणे सोडून या माणसाला आपल्या गावात, आपल्या माणसांपुढे उभे राहावेसे वाटले, यातच विधी कशासाठी असतो त्याचे उत्तर आहे. कागद त्याला परदेशात मिळू शकत होता. अमेरिकेत २०१५ पासून तसा विवाह देशभर कायदेशीर आहे. अक्षता टाकणारे हात मात्र यवतमाळलाच होते.

नागपूरच्या दोन डॉक्टर तरुणींनी २०२१ संपता संपता वेगळा मार्ग धरला. त्यांनी अंगठ्या बदलण्याचा समारंभ केला, म्हणजे आपल्या भाषेत साखरपुडाच. साखरपुड्याला कायदा नाही, अग्नी नाही, दान नाही. दोन घरांनी चारचौघांत दिलेला शब्द एवढेच त्याचे स्वरूप. आपल्या विधींपैकी सर्वांत कमी फेरफार करावा लागेल असा हाच, आणि तो आधी उचलला गेला हे स्वाभाविक वाटते.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो चक्रवर्ती आणि इतरांच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्यात तो वाचून घेता येणार नाही. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. याहून आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट सुनावणीच्या आरंभीच, एप्रिल २०२३ मध्ये, घडली होती : व्यक्तिगत कायद्यांत आपण शिरणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यामुळे सातवे कलम, सप्तपदी, रूढी यांवर युक्तिवादच झाला नाही. खुद्द या याचिकाकर्त्याने डिसेंबर २०२१ मध्ये हैदराबादेत आपल्या जोडीदाराशी बंगाली आणि पंजाबी दोन्ही रीतींचे मिश्रण करून समारंभ केला होता. कोर्टात मात्र तो विधिनिरपेक्ष कायद्याचा आधार घेऊन उभा होता. त्याआधी २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्रीचाही समावेश होतो, असे ठरवून मंदिरात झालेल्या एका विवाहाची नोंद करायला लावली होती. एका शब्दाचा अर्थ रुंद करून झालेले ते काम होते. समलिंगी जोडप्यांसाठी तेवढे पुरत नाही, कारण तिथे ‘वधू’ आणि ‘वर’ यांपैकी एक शब्द जागेवरच नसतो.

रूढी व्हायला किती वर्षे लागतात, हे १९६५ च्या निकालाने सांगितले नाही. पाच-सात पुरत नाहीत, एवढेच सांगितले. सत्यशोधक विवाहाच्या पाठीशी आता दीडशे वर्षे आहेत. या जोडप्यांच्या पाठीशी दहाही नाहीत, आणि त्यांचे विधी अजून घरोघरी वेगळे आहेत.

भाषेची अडचण तर लग्नपत्रिकेपासूनच सुरू होते. वराच्या नावामागे ‘चि.’ आणि वधूच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ छापण्याची आपली पद्धत. दोन पुरुष असतील तर दोन्हीकडे ‘चि.’ लिहून भागते, कोणाला खटकणारही नाही. दोन स्त्रिया असतील तर? सौभाग्य या शब्दाचा रूढ अर्थ नवरा हयात असणे हाच आहे, आणि ‘सौभाग्यकांक्षिणी’ म्हणजे त्याची इच्छा धरणारी. तो शब्द दोघींच्या नावामागे छापायचा, की ‘चि.’वर थांबायचे, हे पत्रिकेचा मजकूर घेऊन छापखान्यात जाणाऱ्या आईला ठरवावे लागेल.