कायरोप्रॅक्टर व्हायचे आहे? शिक्षण, नोंदणी आणि नोकरीबद्दल आधी हे जाणून घ्या

मान किंवा पाठ कटकन वाजवून 'एका मिनिटात वेदना गायब' करणारे व्हिडिओ आता प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. त्यामुळे दवाखान्यात एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे: "डॉक्टर, मुलाला कायरोप्रॅक्टर व्हायचंय. दोन शनिवार-रविवारचा कोर्स आहे, लगेच सेंटर टाकता येतं म्हणतात. पैसे भरू का?"

थोडक्यात उत्तर असे: एवढ्या कोर्सवर कुणाच्याही मानेला हात लावू नये. या क्षेत्रात काम करण्याचे रीतसर मार्ग आहेत, पण त्यांना वर्षे लागतात. ते मार्ग कोणते, ते या लेखात पाहू.

कायरोप्रॅक्टर नेमके काय करतो?

मुख्यतः मणके आणि सांध्यांवर हाताने नेमका, झटपट दाब देऊन उपचार करतो. याला 'अॅडजस्टमेंट' किंवा 'मॅनिप्युलेशन' म्हणतात. ही पद्धत १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली.

आपल्याकडेही हाडवैद्य होते. उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची समजूत होती आणि सलूनमध्ये मान मोडून घेण्याची सवय तर आजही आहे. कायरोप्रॅक्टिकचे शिक्षण यापेक्षा वेगळे आहे. त्यात शरीररचना, रोगनिदान आणि एक्स-रे वाचणे शिकवले जाते.

कटकन आवाज येतो तो सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाल्यामुळे. हाड 'जागेवर बसल्याचा' तो आवाज नव्हे.

याचा उपयोग किती?

कंबरदुखीत काही रुग्णांना थोडा ते मध्यम फायदा होतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हाताने दिले जाणारे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, एकटे नव्हेत. दमा, बाळाची पोटदुखी, मधुमेह, रक्तदाब अशा आजारांवर याचा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा नाही. असे दावे करायला शिकवणाऱ्या कोर्सपासून दूर राहा.

भारतात काय स्थिती आहे?

इथेच बहुतेकांची फसगत होते.

• भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही.
• २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात व्यवसायांचे १० गट आहेत. त्यांत फिजिओथेरपी आहे, कायरोप्रॅक्टिक नाही.
• त्यामुळे 'सरकारमान्य कायरोप्रॅक्टर' असे कुणी प्रमाणपत्रावर लिहून देत असेल, तर कोणत्या कायद्याखाली, हे विचारा.
• कायरोप्रॅक्टिकच्या पदवीवर भारतात औषधे लिहून देता येत नाहीत किंवा इंजेक्शन देता येत नाही. नोंदणी नसताना आधुनिक वैद्यकाची प्रॅक्टिस केल्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

परदेशात पदवी घेतलेले काही कायरोप्रॅक्टर मोठ्या शहरांत खासगी क्लिनिकमध्ये काम करतात. सरकारी रुग्णालयातील नोकरीची आशा धरून मात्र या वाटेला जाऊ नये.

मार्ग पहिला: परदेशात पूर्ण पदवी

अमेरिका: आधी किमान तीन वर्षांचे पदवीस्तरावरील शिक्षण, त्यानंतर साधारण चार वर्षांचा, किमान ४,२०० तासांचा 'डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक' अभ्यासक्रम. मग राष्ट्रीय मंडळाची चार भागांची परीक्षा आणि ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याचा परवाना.

ब्रिटन: चार ते पाच वर्षांची पदवी आणि जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलकडे नोंदणी. १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणे हा तिथे गुन्हा आहे.

ऑस्ट्रेलिया: साधारण पाच वर्षांचे शिक्षण. २०१० पासून देशभर एकच नोंदणी आहे.

मलेशिया: क्वालालंपूर येथेही कायरोप्रॅक्टिकची पदवी मिळते. मात्र तुम्हाला जिथे काम करायचे आहे, त्या देशात ती पदवी चालते का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्या.

नोकरी कशी मिळते? बहुतेक काम खासगी क्लिनिकमध्ये असते. नवा पदवीधर सहसा एखाद्या ज्येष्ठ कायरोप्रॅक्टरकडे सहायक म्हणून लागतो. मोबदला ठरावीक पगार किंवा फीमधील टक्केवारी असा असतो. अनुभव आल्यावर अनेकजण स्वतःचे क्लिनिक काढतात. करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहा:

• पगार निश्चित आहे की फक्त टक्केवारी?
• व्यावसायिक विम्याचा हप्ता कोण भरणार?
• रुग्णांना आगाऊ बैठकांची पॅकेजेस विकण्याचे 'टार्गेट' आहे का?
• पहिले काही महिने ज्येष्ठांची देखरेख मिळणार का?

कामाचा व्हिसा हा स्वतंत्र प्रश्न आहे. पदवी मिळाली म्हणजे तिथे काम करण्याची परवानगी मिळाली, असे नाही. शैक्षणिक कर्ज काढताना हे घरच्यांसह बसून नीट समजून घ्या.

मार्ग दुसरा: इथेच फिजिओथेरपी

महाराष्ट्रात राहून मणके आणि सांध्यांवर हाताने उपचार करायचे असतील, तर हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. 'नीट' देऊन फिजिओथेरपीच्या पदवीला प्रवेश मिळतो. इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षे लागतात. पदवीनंतर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी होते. पुढे अस्थी-स्नायू विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते आणि त्यात मॅन्युअल थेरपी शिकवली जाते. रुग्णालये, क्रीडा संघ, पुनर्वसन केंद्रे, स्वतःचे क्लिनिक, अशा कामाच्या जागाही जास्त आहेत.

दोन दिवसांचा कोर्स का पुरत नाही?

कारण झटका कसा द्यायचा यापेक्षा कुणाला द्यायचा नाही, हे कळायला वर्षे लागतात.

माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. तीन महिने पाठ दुखत होती. मणके 'सरळ' करून देणाऱ्या एका केंद्रात सहा बैठका झाल्या होत्या. संध्याकाळी येणारा बारीक ताप आणि उतरलेले वजन याबद्दल तिथे कुणी विचारलेच नव्हते. एमआरआयमध्ये मणक्याचा क्षयरोग निघाला. क्षयरोगाच्या गोळ्यांनी त्या बऱ्या झाल्या. पण पोखरलेल्या मणक्यावर जोराचा झटका बसला असता, तर पाय कायमचे लुळे पडू शकले असते. झटका देणाऱ्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

पुढील लक्षणे असतील तर हात न लावता रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे:

• ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना
• पूर्वी झालेला कर्करोग, ठिसूळ हाडे, नुकताच झालेला अपघात
• हातापायांत वाढत जाणारी कमजोरी
• लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा जांघेत बधिरता (हे तातडीचे आहे)
• मानेत अचानक तीव्र दुखणे, सोबत चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना अडखळणे

शेवटच्या लक्षणांत मानेतील रक्तवाहिनीचा आतील थर फाटलेला असू शकतो. मानेला झटका दिल्यानंतर असे होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळ असल्या, तरी झालेले नुकसान कायमचे असू शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. छोटा कोर्स केला तर चालेल का?
कौशल्य वाढवण्यासाठी जरूर करा. पण पाटीवर तुमची खरी पदवी आणि नोंदणी क्रमांकच लिहा.

बारावीनंतर थेट 'डिप्लोमा इन कायरोप्रॅक्टिक' करू का?
त्यावर कोणत्या परिषदेकडे नोंदणी होते, ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरू नका.

लक्षात ठेवा

शाखा निवडताना नोंदणी कुठे होणार, हा प्रश्न आधी विचारा. फी आणि पगार नंतर. नोंदणी असली की शिकण्याचा दर्जा तपासला जातो, चूक झाल्यास रुग्णाला दाद मागता येते आणि तुमच्याही पाठीशी काही आधार राहतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रवेश आणि परवान्याचे नियम बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी संबंधित परिषदेकडून खात्री करून घ्या.)