सरकीच्या लवेवरची रसायनशाळा

माजलगावच्या जिनिंगमध्ये रुई निघते आणि सरकी बाजूला पडते. सरकीला चिकटून राहिलेली आखूड लव, म्हणजे लिंटर, साफ केली की जवळजवळ निव्वळ सेल्युलोज उरते. प्रयोगशाळेतला व्हॉटमन नंबर एक हा गाळणकागद अशाच लवेचा बनतो. म्हणून कागदी क्रोमॅटोग्राफीची कुळकथा कापसाच्या गावातून सांगावीशी वाटते.

या पद्धतीचा साधा प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलेला असतो. गाळणकागदाच्या पट्टीवर तळाशी पेन्सिलीची रेघ, रेघेवर काळ्या स्केचपेनचा ठिपका, पट्टीचं टोक पाण्यात. रेघ पेन्सिलीचीच हवी, कारण ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहायला हवा, नाहीतर शाई पट्टीवर चढण्याऐवजी भांड्यातच उतरते. पाणी चढू लागतं आणि काळ्यातून निळा, तांबडा, पिवळा सुटे होतात.

या कुळाचा मूळपुरुष मिखाईल त्स्वेत. हा वनस्पतिशास्त्रज्ञ पानांचा अर्क भुकटीने भरलेल्या काचनळीतून सोडी आणि हिरव्या-पिवळ्या रंगांचे पट्टे वेगळे करी. 1903 साली त्याने वॉर्सात ही पद्धत मांडली, 1906 साली तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. तो 1919 साली गेला तेव्हा तिची फारशी कुणी दखल घेतली नव्हती.

कागद आला तो लोकरीच्या निमित्ताने. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात लोकर उद्योगाची संशोधन संस्था होती. लोकरीतलं प्रथिन फोडलं की अनेक अमिनो आम्लं निघतात. सगळी रंगहीन, आणि गुणांनी एकमेकांच्या इतकी जवळची की वेगळी करणं महाकठीण. तिथे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी 1941 साली पाणी धरून ठेवणाऱ्या सिलिका जेलवरून दुसरा द्रव वाहू दिला. पदार्थ दोन द्रवांत आपापल्या ओढीप्रमाणे वाटले जाऊ लागले. पुढे 1944 साली कॉन्सडन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी जेलच्या जागी गाळणकागद घेतला. वरून कोरडा दिसला तरी सेल्युलोजच्या धाग्यात पाणी असतंच. ज्या आम्लाला पाण्याची ओढ जास्त ते मागे रेंगाळतं, ज्याला कमी ते द्रवाबरोबर पुढे निघून जातं. मग निनहायड्रिन फवारून कागद तापवला की न दिसणारी आम्लं जांभळ्या ठिपक्यांनी उमटतात. मार्टिन आणि सिंज यांना 1952 चं नोबेल मिळालं. कॉन्सडन आणि गॉर्डन यांची नावं मुलांना कुणी सांगत नाही, ती सांगायला हवीत.

त्यानंतर कागदाने मोठमोठी कामं केली. चारगाफ या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्यावर डीएनएचे घटक वेगळे करून अॅडेनिन थायमिनइतकंच आणि ग्वानिन सायटोसिनइतकंच असतं हे दाखवलं. सँगर या जीवरसायनशास्त्रज्ञाला इन्सुलिनची रचना उलगडताना तो उपयोगी पडला. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. व्ही. गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 च्या सुमारास गोल कागदावरची पद्धत वापरली. तिच्यात पदार्थ मधल्या बिंदूपासून कड्याकड्यांनी बाहेर पसरतात.

माझ्या मते शाळेने स्केचपेनवर थांबू नये. या पद्धतीची खरी ताकद रंगहीन पदार्थांत दिसते, आणि तसा पदार्थ इथल्या उसात आहे. तोडलेला ऊस कारखान्याच्या गव्हाणीपुढे ताटकळला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते. पार्ट्रिज या संशोधकाने 1946 साली असल्या शर्करा कागदावर वेगळ्या करून दाखवल्या. त्या दिसाव्यात म्हणून अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट वापरतात. ताज्या आणि शिळ्या उसाचा रस एकाच कागदावर शेजारी शेजारी चालवला, तर शिळ्या रसाचे हे दोन ठिपके अधिक गडद उमटतात.