सातबाऱ्यामागचे हात

अकोल्याहून पातूर, मेडशी करत वाशीमकडे निघालं की वाटेत मालेगाव लागतं. 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्याचं विभाजन होऊन वाशीम जिल्हा झाला, आणि मालेगाव त्यातला एक तालुका. सोयाबीन-तुरीच्या या पट्ट्यात संगणक सर्वसामान्यांच्या आयुष्यात आला तो मुख्यतः सातबाऱ्याच्या निमित्तानं. त्यामुळे इथल्या संगणक-दुरुस्तीचा इतिहास हा बराचसा महसुली दप्तराचाच इतिहास आहे.

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा केंद्राचा पहिला प्रयोग 1988-89 मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात विदर्भातला वर्धा जिल्हा होता. पुढे हे काम राज्यभर पसरलं. तलाठ्यांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी टंकलिखित होऊ लागल्या, पण यंत्र बंद पडलं तर पाहायचं कोणी, याचं उत्तर तालुक्याच्या ठिकाणी तयार नव्हतं. 2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची (एमकेसीएल) स्थापना झाली, तिच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग छोट्या गावांपर्यंत पोचले. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं म्हणून आलेल्या मुलामुलींतूनच पुढे गावचे संगणक परिचालक घडले.

त्यांचा पहिला शिक्षक होता विजेचा लपंडाव.

डिसेंबर 2012 मध्ये महावितरणनं राज्याचा बहुतांश भाग भारनियमनमुक्त जाहीर केला, त्याआधीची वर्षं ग्रामीण विदर्भानं तासन्‌तास अंधारात काढली. यूपीएसच्या बॅटऱ्या पुरत्या चार्ज होण्याआधीच पुन्हा रिकाम्या होत आणि लवकर निकामी ठरत. दुसरा त्रास अर्थिंगचा. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळली की जमिनीत पुरलेल्या पट्टीशी तिचा संपर्क सुटतो. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज दिसू लागतं, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, संगणक विनाकारण अडकतो. अशा वेळी मदरबोर्ड बदलण्याआधी मल्टीमीटर लावून पाहायचं आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं, हे जाणता माणूस आधी शिकतो.

दुसरा धडा लिपीचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम यांवर कार्यालयांचं मराठी चालत असे. त्या फॉन्टमध्ये लिहिलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोडनं ती अडचण मिटवली, तरी सुरुवात सोपी नव्हती. विंडोज एक्सपीत मराठी नीट दिसण्यासाठी मूळ सीडी घालून भारतीय लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे. ‘वऱ्हाड’ लिहिताना साधा र घेऊन हलंत दिला तर ह वर रफार चढतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह र ची कळ दाबून ऱ घ्यायचा, मग हलंत, मग ह. हेच अक्षर खातेदाराच्या आडनावात चुकलं तर कागदपत्रांत नाव जुळत नाही आणि शेतकऱ्याचं काम अडतं.

2011 मध्ये ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाचा ‘संग्राम’ प्रकल्प आला, ग्रामपंचायतींत परिचालक बसले. 2016 पासून त्यांची जागा आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली. कामं वाढत गेली. मानधनासाठी मात्र परिचालकांना वारंवार आंदोलनं करावी लागली.

या सगळ्याची कसोटी 2017 मध्ये लागली. कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, त्याच वर्षी चावडी वाचनातून, म्हणजे गावासमोर नोंदी वाचून, सातबाऱ्यातल्या चुका शोधायच्या होत्या. सर्व्हर मंद, रांगा लांब. त्यात आधारचा अंगठा. नांगर-विळ्याशी झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला सापडेनात. काच पुसा, बोट धुवा, दुसरं बोट लावा, अंगठा-यंत्राची आरडी सर्व्हिस बंद तर नाही ना पाहा, तरी जमलं नाही तर मोबाइलवर ओटीपी: हा क्रम रांगेतल्या प्रत्येकासाठी पुन्हा पुन्हा करावा लागे. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्याच्या स्वाक्षरी-डोंगलचा ड्रायव्हर हा नवा विषय सुरू झाला. 2023 मध्ये एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा अर्जामागे केंद्रचालकाला 40 रुपये ठरले होते.

2018 मध्ये वाशीम जिल्हा देशातल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला. अशा जिल्ह्याला नवी पोर्टलं लागतीलच. पण प्रत्येक पोर्टलच्या खर्चात मालेगावसारख्या तालुक्यात बसणाऱ्या, नियमित पगाराच्या एका तंत्रज्ञाची तरतूद शासनानं करायला हवी. आजवर ते काम अपुऱ्या मानधनावरच्या तरुणांनी निभावून नेलं आहे, आणि ते यापुढेही त्यांच्याच जिवावर ढकलणं अन्यायाचं ठरेल.