फ्लॉरेन्सचा चिखल आणि शाळेची पुस्तके

जालना जिल्ह्यातील एखाद्या शाळेचे ग्रंथालयाचे कपाट उघडले, की चिकटपट्टी लावलेले पुस्तक हमखास सापडते. काही वर्षांत पट्टी गळून पडते. तिचा डिंक मात्र कागदात मुरून पिवळा डाग ठेवतो. मग पुस्तकाची दुरुस्ती कशी असावी? एका पुराने जगाला याचा नव्याने विचार करायला लावला.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी इटलीतील फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले. सुमारे एक-तृतीयांश संग्रह चिखलात बुडाला. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी साखळी करून ग्रंथ हातोहात बाहेर काढले. लोकांनी त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हटले. तज्ज्ञांना दिसले, की सरसाऐवजी शिवणीच्या आधारावर मऊ चर्मपत्रात बांधलेली जुनी पुस्तके तुलनेने चांगली टिकली होती. केलेली दुरुस्ती पुढे सोडवता आली पाहिजे, हे तत्त्व या कामातून दृढ झाले.

आपल्या विद्यार्थ्यांनाही हे जमेल. कुरडयांसाठी काढतात तसा गव्हाचा चीक पाणी बदलून निवळावा, त्याची पातळ खळ शिजवावी आणि पातळ हातकागदाची पट्टी फाटीवर लावावी. ओलावा दिला की ती पुन्हा सुटते. हात आधी रद्दीवर बसवावा. जुन्या पोथ्या मात्र तज्ज्ञांकडेच सोपवाव्यात.