उघड्या दाराची प्रार्थना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझं लहानपण दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं. बी.ए.ची तीन वर्षं रोज सकाळी शटलने पुण्याला जायचो. पाटस, कडेठाण, मग केडगाव. केडगावला दोन तऱ्हेची माणसं उतरत. एक, नारायण महाराजांच्या बेटावर दत्ताच्या दर्शनाला निघालेली. दुसरी, 'मिशनला' निघालेली. मिशन म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, एवढं ठाऊक होतं. रमाबाईंविषयी शाळेत ऐकलं होतं ते इतकंच, की त्या मोठ्या संस्कृत पंडिता, त्यांनी विधवांसाठी काम केलं. आणि हो, पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. हे शेवटचं वाक्य आमचे गुरुजी जरा घाईने म्हणायचे.

त्या घाईत काय गाडलं गेलं होतं ते पुष्कळ वर्षांनी एका ग्रंथालयात सापडलं. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. त्याचे संपादक अ. भि. शहा, म्हणजे हमीद दलवाईंचे सहकारी. खरं सांगायचं तर दलवाईंमुळे शहांचं नाव ओळखीचं होतं, म्हणून पुस्तक उघडलं आणि रमाबाईंमध्ये अडकलो.

रमाबाईंच्या घराला आरोप नवा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून उडुपीला शास्त्रीपंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. सुमारे चारशे विद्वान जमले होते, असं रमाबाईंनी लिहून ठेवलंय. शास्त्रीबुवांनी आधार काढून दाखवले आणि सभा जिंकली. त्यांच्या या मुलीचा जन्म 1858 चा. दुष्काळात आईवडील गेले. ती भावाबरोबर पायी देश हिंडली. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तर दोन वर्षांच्या आत तोही पटकीने गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत एवढं सगळं. कडेवर मनोरमा. ती पोरगी घेऊन बाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 साली इंग्लंडला गेल्या.

जाताना त्या सांगत होत्या, मी काही ख्रिस्ती होणार नाही. आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी काही दिवस, बरोबर आलेल्या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली होती. पुण्याला काय वाटलं असेल याची कल्पना करा. शब्द मोडला, परक्या मुलखात पोरीचं डोकं फिरवलं, पैशाला भुलली. पुढे तर काहींनी 'रेव्हरंड' शब्दाला आपल्याकडची शिवी जोडून 'रेव्हरंडा' म्हटलं. विधवा बाईला मारायला मराठीला फार लांब जावं लागत नाही. त्या गदारोळात बाजू घेणारा एक माणूस मात्र होता, जोतीराव फुले. 1885 साली 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंचं उघड समर्थन केलं.

रमाबाई स्वतः काय सांगतात? नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे काशीचे चित्पावन पंडित, जे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले, त्यांच्या लिखाणाने बुद्धी वळली असं त्या म्हणतात. पण मन वळलं ते दुसरीकडे. वाँटेजच्या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅमला समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवलं होतं, ते त्यांनी पाहिलं. आपल्याकडे अशा बाईला दार नव्हतं. इथे तिची सेवा होत होती. हे कुठून आलं, असं विचारल्यावर एका भगिनीने शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. जिला गाव टाळतं तिच्याशी पाणी मागून बोलणं सुरू करणारा येशू. मला हे वाचताना वाटलं, ज्या बाईने अर्धा देश दुष्काळात पायी तुडवला, तिला पाण्याची ही गोष्ट वेगळी ऐकू आली असणार.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. खरी गाठ पुढे.

सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या आध्यात्मिक पालक. रमाबाई त्यांना इंग्रजी पत्रातसुद्धा 'आजीबाई' म्हणत. पण 1884-85 मधली पत्रं वाचा. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकत होत्या, संस्कृत शिकवत होत्या आणि प्रश्न विचारत होत्या. त्रैक्याचा सिद्धान्त पवित्र शास्त्रात नेमका कुठे आहे? ख्रिस्ताचं देवपण म्हणजे काय समजायचं? धर्ममत म्हणून जे पाठ म्हणायचं, ते मनाला पटल्याशिवाय कसं म्हणू? शाकाहार सोडला नाही, तर तोही जातीचा ताठा ठरला. क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर बाई म्हणाल्या, इथे संस्कृत का नको? ब्राह्मणांना संस्कृतचं जसं वाटतं तसंच तुम्हाला लॅटिनचं वाटतं की काय? आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: एका पुरोहितशाहीच्या जोखडातून महत्प्रयासाने मान काढली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडात घालणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं. आजीबाईंना हे सगळं गर्व वाटलं, हट्ट वाटला, कृतघ्नपणा वाटला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी तर या बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा सल्ला पाठवला.

म्हणजे पुण्यात त्या फार ख्रिस्ती आणि वाँटेजला पुरेशा ख्रिस्ती नाहीत.

इथे मला माझ्याबद्दल थोडं बोलावं लागेल. एका संमेलनात माझी ओळख करून देताना एक गृहस्थ म्हणाले, "हे मुसलमान असूनही इतकं सुंदर मराठी लिहितात." टाळ्या पडल्या. त्या 'असूनही'वर मी हसलो, कारण दुसरं काय करणार? त्याच महिन्यात एका लग्नात नात्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "भाईजान, कवितेत विठ्ठल, चंद्रभागा, हे सगळं कुणाला खूश करायला?" त्या प्रश्नावर मात्र मला हसता आलं नाही. कारण तो प्रश्न रात्री मीही स्वतःला विचारत होतो. दौंडला आषाढाच्या गर्दीने भरलेल्या गाड्या पाहत मी वाढलो, चंद्रभागा माझ्या भाषेत आपसूक आली, हे खरं. पण ती ओळ लिहिताना टाळ्या ऐकू येत होत्या का? आरोप बाहेरचा असला की बरं असतं, भांडता येतं. तो आपल्याच आवाजात आला की पंचाईत.

आणखी एक कबुली. त्रैक्यावरचे रमाबाईंचे आक्षेप वाचताना मी मनात खूश झालो होतो. अल्लाह एकच, या शिकवणीवर वाढलेला माणूस मी. वाटलं, बाई तर आपल्याच दाराशी आल्या आहेत! मग लाज वाटली. पुण्याने, वाँटेजने जे केलं तेच मी करत होतो. त्यांचा प्रश्न त्यांच्या येशूशी चालला होता, आणि मी मधेच आपलं खातं उघडून बसलो होतो. त्या पत्रांत येशूवरची त्यांची पकड कुठेही सैल झालेली नाही. प्रश्न त्याच्याबद्दल होते आणि ते त्या त्याच्याजवळ बसूनच विचारत होत्या.

1886 साली त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या, त्या समारंभासाठी. तिथे बोस्टनमध्ये मंडळ स्थापन झालं, पैसा उभा राहिला, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईला चौपाटीवर 'शारदा सदन' उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनाची अट अशी की धर्म शिकवायचा नाही आणि कुणाच्या धर्माला हात लावायचा नाही. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, रामकृष्णपंत भांडारकर. 1890 साली सदन पुण्यात आलं.

आता त्यांच्या मनात काय चाललं होतं ते पाहा. 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, म्हणजे 1891च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. हॅसलम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्या वाचत होत्या. हा मनुष्य चर्चमध्ये काम करत असताना, उपदेश करत असताना त्याला कळतं की आपण आतून रिकामे आहोत. रमाबाईंनी पुस्तक खाली ठेवलं आणि स्वतःकडे पाहिलं.

मला हा क्षण फार मोठा वाटतो. एवढी आठ वर्षं ज्या धर्मासाठी जगाचे जोडे खाल्ले, तो आपल्याजवळ पुरता नाहीच, हे कबूल करायला काय छाती लागत असेल! मनात शंका असली की आपण दाराला कडी लावतो आणि आतून मोठ्याने घोषणा देतो. बाईंनी ते केलं नाही. मी अजून कोरी आहे, हे देवापुढे मान्य केलं. बौद्धिक कोडी सगळी सुटली असं त्या म्हणत नाहीत. जशी आहे तशी मी त्याला चालते, एवढाच आधार त्यांना सापडला, आणि तो पुरला.

लगेच दोन वर्षांनी परीक्षा झाली. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने तोफ डागली: ही शाळा नव्हे, बाटवण्याचा कारखाना आहे. 1893च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं. पालकांनी मुली नेल्या. टिळकांची टीका बाईंनी अपेक्षिलीच असेल, पण रानड्यांचं जाणं मला जास्त जड वाटतं. ते शत्रू नव्हते. पुण्यात पाऊल ठेवल्या दिवसापासून त्यांचा पाठिंबा होता.

टीकाकार पुरते चुकीचे होते, असं मी म्हणणार नाही. जिच्या हातात निवारा आहे, जेवण आहे, अक्षर आहे, तिचं उघडं दार म्हणजे नुसतं दार नसतं. सोळा वर्षांच्या केशवपन केलेल्या पोरीला बाईंची प्रार्थना गोड वाटली, तर त्यात बाईंच्या मायेचा वाटा किती आणि येशूचा किती, कोण तोलणार? पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच. पण रमाबाईंना उपाय सोपा होता: दार लावून घ्यायचं. रानडे राहिले असते, मुली राहिल्या असत्या. त्यांचं म्हणणं असं की सदनातल्या मुलीला तिची पूजा करायची मोकळीक आहे, तशीच मलाही माझ्या खोलीत आहे. मी कुणाला बोलावणार नाही आणि कुणाला हाकलणार नाही. दार उघडंच राहिलं.

1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला घेतलेल्या जमिनीवर 1898 साली 'मुक्ती' उभी राहिली. इथे मात्र तटस्थतेची अट नव्हती. 1897 साली प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय अवस्था होते, ते त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, तेव्हा गव्हर्नर संतापले आणि प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटात गेलं. सरकारच्या धर्माची झाली म्हणून बाई सरकारची झाली नव्हती. 1905 साली मुक्तीमध्ये प्रार्थनेला जे उधाण आलं, त्यावर ख्रिस्ती मंडळींतूनच टीका झाली. तोवर बाईंना त्याची सवय झाली असावी.

शेवटचं काम पवित्र शास्त्राचं. आधीचं मराठी भाषांतर संस्कृताळलेलं, अडाणी बाईला न कळणारं, अशी त्यांची तक्रार होती. हे कोण म्हणतंय, तर पंडिता, सरस्वती! मी आज आहे त्या वयात, पन्नाशीत, त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत एकेक ओळ उतरवत बसल्या. ज्यांना गर्विष्ठ म्हटलं त्या बाईने आपलं सगळं संस्कृत वैभव बाजूला ठेवून दळणकांडणाची मराठी निवडली. छापखाना केडगावचाच. टाइप जुळवायला, पानं छापायला मुक्तीतल्याच बायका होत्या. त्यातल्या कितीतरी दुष्काळातून आलेल्या, इथे आल्यावर अक्षर शिकलेल्या.

1921 साली मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण पुस्तक 1924 साली निघालं.