यंत्राचे बदलते हात

२०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवसांत मराठवाड्यात एक नवे दृश्य दिसू लागले. रस्त्याच्या कडेला जेसीबी उभे, त्यांच्या बकेटी उंच उचललेल्या, आणि त्यांतून खालच्या लोकांवर फुलांचा वर्षाव. पुढे निवडणुकांच्या मिरवणुकांत त्याच बकेटींतून गुलालही उधळला गेला. कित्येक शहाण्या माणसांनी यावर नाके मुरडली. आम्हांस मात्र हसण्यापूर्वी या यंत्राचे कुळ विचारावेसे वाटते.

जेसीबी हे एका माणसाचे नाव आहे. इंग्लंडमधील जोसेफ सिरिल बॅमफर्ड याने १९४५ साली युटॉक्सिटर गावी एका गॅरेजात कारखाना मांडला. त्याच्या नावाची ही आद्याक्षरे. पुढे भरणारी बकेट आणि मागे खोदणारा हात, असे जोडयंत्र त्याच्या कारखान्यातून १९५३ साली बाहेर पडले. आपण ज्याला 'पोकलेन' म्हणतो, तेही एका फ्रेंच कंपनीचेच नाव. परक्याचे नाव आपल्या जिभेवर असे रुळले, की आता ते यंत्राचेच नाव झाले.

याच जातीचा धाकटा भाऊ म्हणजे ज्याला आपल्याकडे 'बॉबकॅट' म्हणतात, तो छोटा लोडर. त्याची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खुराड्यातील घाण उपसायची होती. खांबांच्या दाटीतून वळेल आणि माडीवर चढवता येईल इतके हलके यंत्र त्याला हवे होते. लोहारकाम करणाऱ्या केलर बंधूंनी १९५७ साली ते त्याला घडवून दिले. एका बाजूची चाके पुढे, दुसऱ्या बाजूची मागे फिरवली की यंत्र जागच्या जागी गिरकी घेते. पुढे मेलरो कंपनीने ते बाजारात आणले आणि १९६२ साली त्याला बॉबकॅट हे नाव मिळाले. बकेट काढून तेथे झाडू लावा, तो रस्ता झाडतो. गिरमिट लावा, तो खांबांसाठी खड्डे पाडतो. ब्रेकर लावा, तो काँक्रीट फोडतो. धड एक, हात अनेक.

ही कल्पना मराठवाड्याच्या शेतकऱ्याला नवी आहे काय? मुळीच नाही. बैलजोडी तीच, जूही तेच. मागे कुळव लावला की ढेकळे फुटतात, तिफण लावली की पेरणी होते, कोळपे लावले की तण निघते. तिफणीमागे मोघण बांधून ज्वारीच्या पेऱ्यात तुरीची ओळ टाकणारा आमचा कुणबी, आणि तण काढून झाल्यावर त्याच कोळप्याला दोरी गुंडाळून पाणी मुरण्यासाठी सरी पाडणारा त्याचा नातू, हे दोघेही केलर बंधूंचेच सगोत्र होत. अवजार घडवणाऱ्याने जे योजिले नाही, ते काम त्याच्याकडून करवून घेणे ही आमची जुनी विद्या आहे.

परंतु श्रोतेहो, या विद्येला मर्यादाही आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार झोपलेल्या माणसांवर आला. सुमारे आठ हजार जीव गेले. अशा ढिगाऱ्याखाली कोणी श्वास घेत असेल, तर तेथे लोखंडी बकेटीपेक्षा माणसाची दहा बोटेच भरवशाची असतात. यंत्राची पाळी नंतरची.

त्याच लातूरने २०१६ साली दुसरा प्रसंग पाहिला. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याच उन्हाळ्यात नागरिकांनी 'जलयुक्त लातूर' या नावाने वर्गणी गोळा केली आणि मांजरेचे पात्र रुंद व खोल करण्यास यंत्रे लावली. पाया खणणारी यंत्रे त्या दिवसांत नदीची सेवा करीत होती. फुलांपेक्षा हा आहेर अधिक टिकाऊ होता, असे आम्हांस वाटते.

१ सप्टेंबर २०२४ रोजी शेजारच्या तेलंगणात, खम्मम येथे, मुन्नेरू नदीच्या पुलावर अडकलेल्या नऊ जणांना एका चालकाने आपले यंत्र पुरात घालून बाहेर आणले. माती उचलणाऱ्या यंत्राने त्या दिवशी माणसे उचलली. आणि त्याच जातीचे यंत्र रात्रीच्या अंधारात गोदावरीच्या पात्रातील वाळूही उपसते, हे नांदेडकरांना आम्ही सांगावयास नको. बकेट तीच; एकीकडे ती नदीला जीव देते, दुसरीकडे नदीचे आतडे बाहेर काढते.

म्हणून फुले उधळणाऱ्या बकेटीवर आमचा राग नाही. उत्सवात अवजारालाही सामील करून घेणारा हा आमचाच समाज; पोळ्याला बैल आणि दसऱ्याला नांगर तो पूजतच आला आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या वर्षी एखाद्या गावाने बकेटीतून फुले उधळली, त्या वर्षी त्याच बकेटीने गावच्या ओढ्यातील किती गाळ निघाला, हा हिशेबही ग्रामसभेत मांडला जावा. यंत्राचे हात हवे तेव्हा बदलता येतात. ते कोणत्या कामाला लावावयाचे, हे खटका धरणाराच ठरवतो, आणि त्याला तेथे बसवतो तो आपण.